सगळेच म्हणतात 'कंपोस्टेबल आहे': इंदुरात धंद्यासाठी डिस्पोजल घेताना काय बघावं?

मल्हारगंजकर

नमस्कार मंडळी,

मल्हारगंजात आमचं फराळाचं आणि डब्यांचं घरगुती काम आहे. सकाळी पोहे आणि साबुदाण्याची खिचडी, दुपारी जेवणाचे डबे, अधूनमधून मुंजी-बारशाच्या ऑर्डरी. दिवाळीत चिवडा-चकलीचे पुडे पार पुण्या-नागपूरपर्यंत जातात. यंदा वर्षाचा माल एकदम भरायचा विचार आहे, म्हणून सियागंज आणि रानीपुऱ्यातून नमुने मागवले.

एका पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीवर, हिरवं पान छापलंय. दुसरीवर 'ऑक्सो-बायो' लिहिलंय. एक पारदर्शक डबा 'मक्यापासून बनवलेला' आहे. उसाच्या चिपाडाच्या थाळ्या-वाट्या आहेत, आतून गुळगुळीत असे कागदी कप आहेत. प्रत्येक व्यापारी सांगतो, भिया, सगळं कंपोस्टेबल आहे, बिनधास्त घ्या. दरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मला कायद्यात बसणारा माल हवा आहे आणि वापरून झाल्यावर त्याची खरोखर माती व्हायला हवी आहे. घरोघरी सहा प्रकारचा कचरा वेगळा करून देणारं आपलं शहर. इथे नुसतं हिरवं पान छापलेली पन्नी गिऱ्हाइकाच्या हाती देणं मला पटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पिथमपूरवाला

मल्हारगंजकर, प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

माल कशापासून बनला आणि तो कुजतो की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्यापारी ते मुद्दाम किंवा नकळत एकत्र करतात. ब्राझीलची ब्रास्केम ही कंपनी उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते. मूळ वनस्पतीचं असलं तरी तयार होतं ते नेहमीचं पॉलिथिनच, आणि ते शेकडो वर्षं कुजत नाही. उलट पीबीएटी नावाचा पॉलिमर बराचसा पेट्रोलियमपासून येतो, पण योग्य वातावरणात जिवाणू तो खाऊन टाकतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक खऱ्या कंपोस्टेबल पिशव्या या पीबीएटीत पीएलए (साखरेपासून केलेला पॉलिमर) किंवा स्टार्च मिसळून केलेल्या असतात. तेव्हा 'मका', 'ऊस', 'बटाटा' हे शब्द वाचून काहीच ठरवू नका.

तुमचा तो पारदर्शक डबा पीएलएचा असणार, म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पॉलिमर. साधा पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास नरम पडतो. त्यात गरम डाळ किंवा पोहे भरले तर डबा बसकण मारेल. श्रीखंड, कोशिंबीर, कापलेली फळं यांना उत्तम. गरम पदार्थाला चमचा हवा असेल तर सीपीएलए मागा. त्यात पीएलएचं स्फटिकीकरण केलेलं असतं, त्यामुळे तो बराच जास्त ताप सोसतो.

'ऑक्सो' लिहिलेली पन्नी आजच परत करा. ते साधं पॉलिथिनच असतं, त्यात धातूच्या क्षारांचं मिश्रण घालतात. ऊन आणि हवेने त्याचे बारीक तुकडे होतात. आपल्याला वाटतं विरघळली, प्रत्यक्षात ती डोळ्यांना दिसेनाशी होऊन मातीतच राहते. युरोपीय संघाने असल्या मालावर जुलै २०२१ पासून बंदी घातली आहे.

सांवेर_रोड

आमचा डिस्पोजलचाच व्यवसाय आहे, म्हणून कायद्याचं मी सांगतो.

१ जुलै २०२२ पासून देशभर काही एकदा-वापराच्या वस्तू बंद झाल्या: प्लास्टिकच्या थाळ्या, कप, ग्लास, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, ढवळण्या, मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची फिल्म. शेवटची गोष्ट फराळवाले हमखास विसरतात. कॅरीबॅगची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन आहे. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या पिशवीला ही जाडीची अट लागू नाही, आणि सगळी गडबड या सवलतीतूनच होते. पातळ पन्नी विकायची असली की तिला कंपोस्टेबल म्हणायचं.

सवलत हवी तर माल आयएस १७०८८ या मानकात बसला पाहिजे, आणि बनवणाऱ्याकडे किंवा विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र पाहिजे. पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असावा लागतो. कुणाला प्रमाणपत्र दिलंय त्याची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. क्रमांक तिथे जुळवून बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर अजिबात विसंबू नका. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांचं आहे की तयार पिशवीचं, आणि कोणाच्या नावाचं, तेही वाचा. दाणे प्रमाणित असले तरी पुढे दाणे वितळवून पिशवी फुगवताना त्यात साधं पॉलिथिन मिसळता येतंच.

'बायोडिग्रेडेबल' छापलेल्या मालाबद्दलही सांगतो. मार्च २०२४ च्या दुरुस्तीत त्याची व्याख्या कडक झाली आहे: नेहमीच्या वातावरणात कुजला पाहिजे आणि मागे सूक्ष्म प्लास्टिक उरता कामा नये. नुसता शब्द छापून आता भागत नाही.

स्नेहलतागंज

खूप उपयोगी धागा. माझी बेकरी आहे, मलाही हाच प्रश्न पडला होता. पिथमपूरवाला दादा, आयएस १७०८८ म्हणजे नेमकं काय तपासतात? ती पिशवी आमच्या सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात कुजेल का?

पिथमपूरवाला

ताई, प्रयोगशाळेत साधारण ५८ अंशांवर, भरपूर हवा आणि ओल असलेल्या खतात नमुना ठेवतात. १८० दिवसांत त्यातल्या किमान ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावं लागतं. तुकडे होण्याची चाचणी वेगळी असते: ८४ दिवसांनी खत २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलं की वर १० टक्क्यांपेक्षा जास्त उरायला नको. जड धातूंच्या मर्यादा आहेत, आणि त्या खतात बी रुजतं की नाही तेही बघतात. चाचणी कडक आहे, त्यात शंका नाही.

पण ५८ अंश हे मोठ्या, उलटसुलट केलेल्या ढिगाचं तापमान आहे. सोसायटीचा खड्डा किंवा गच्चीवरचा ड्रम इतका वेळ इतका तापत नाही. पीएलए तर त्यात वर्षभरही जवळपास तसाच राहील. घरच्या खतात कुजणाऱ्या मालाचं प्रमाणन निराळं असतं. ऑस्ट्रियाच्या टीयूव्हीचं 'ओके कंपोस्ट होम' असतं, ते २० ते ३० अंशांवर तपासलेलं. तो शिक्का असेल तर आणि तरच खड्ड्यात टाका.

स्नेहलतागंज

आता कळलं. आमच्या खड्ड्यातला अनुभव सांगते. चिपाडाच्या थाळ्या हाताने फाडून, ओल्या करून, शेणपाण्याच्या थरात टाकल्या की काही महिन्यांत ओळखू येत नाहीत. कागदी कपांचं उलटं. कागद गेला, पण खत चाळताना चाळणीवर कपाच्या आकाराची पातळ, पांढुरकी पिशवी आली, अख्खी, तळाच्या गोल शिवणीसकट. आतल्या बाजूला पॉलिथिनचा थर असतो तो हा. तेव्हापासून कागदी कप मी 'कागदी' म्हणून घेत नाही.

देवगुराडियाची_वाट

एक मोठी गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. आपल्या इंदुरात ओल्या कचऱ्याचं होतं काय?

देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे शहराच्या कचऱ्याच्या मैदानावर, गोबर-धन योजनेतला बायो-सीएनजी कारखाना आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता होती, आणि त्यातून दिवसाला सुमारे १७ हजार किलो सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावं अशी रचना. शहरातल्या बस त्या गॅसवर चालतात. मला या कारखान्याचा मनापासून अभिमान आहे.

पण गॅसच्या टाकीत कचरा हवेशिवाय आंबतो. आधी त्याचा लगदा करतात, आणि त्याआधी प्लास्टिक, कापड, दोऱ्या असलं जे काही यंत्रात अडकेल ते बाजूला काढावं लागतं. तिथे पिशवी दिसली की ती प्रमाणित आहे की साधी, हे यंत्राला कळत नाही आणि माणसालाही नाही. ती बाहेरच जाणार. चुकून आत गेली तरी पीएलए हवेशिवायच्या आणि कमी तापमानाच्या टाकीत फारच हळू तुटतो, तेवढा वेळ लगदा तिथे राहतच नाही.

सुक्या कचऱ्यात टाकली तर आणखी पंचाईत. पॉलिथिनच्या भंगारात ही पिशवी मिसळली की वितळवताना दोन्ही एकजीव होत नाहीत आणि पुन्हा बनवलेला माल कमजोर होतो. म्हणजे कागदोपत्री निर्दोष, महाग, प्रमाणित पिशवी आपल्या शहराच्या व्यवस्थेत कुठेच नीट बसत नाही. ज्या गावात ओल्या कचऱ्याचं हवेशीर ढिगात खत करतात तिथे ती बसते. तेव्हा मल्हारगंजकर, माझं म्हणणं एवढंच की घेताना पहिला प्रश्न 'वापरून झाल्यावर हे कोणाच्या गाडीत, कोणत्या कप्प्यात जाणार' हा विचारा. बाकी सगळं त्यानंतर.

गांडूळमित्र

+१. पुण्यात आमच्या सोसायटीत हेच अनुभवतो. 'कंपोस्टेबल' पिशवीत बांधून दिलेला ओला कचरा गाडीवाला पिशवी फाडून ओततो, पिशवी फेकतो.

मल्हारगंजकर

देवगुराडिया, तुमच्या प्रतिसादाने माझा प्रश्नच बदलला. मी पिशवी कुजते का ते विचारत होतो, कुठे कुजते हे डोक्यातच नव्हतं.

मग धंदेवाल्याने करायचं काय? पिशवी पूर्ण बंद केली तर डबा नेणारा गिऱ्हाईक काय करणार? आणि कंपोस्टेबल पिशवी इतकी महाग आहे की ती घेऊनही काही साधत नसेल तर ते मनाला लागतं.

सांवेर_रोड

महाग किती, हे आधी नीट मोजा. आपल्याकडे पन्नी किलोवर विकतात आणि तिथेच हिशेब चुकतो. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिथिनची ०.९२ च्या आसपास, पीबीएटी-पीएलएची १.२५ च्या आसपास. त्याच मापाच्या, त्याच जाडीच्या पिशव्या कंपोस्टेबलमध्ये किलोला साधारण पाव हिस्सा कमी भरतात. पण जाडी तीच कुठे आहे? साधी पिशवी कायद्याने १२० मायक्रॉन, कंपोस्टेबल ५० ची चालते.

३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी घ्या. १२० मायक्रॉन पॉलिथिनची एक पिशवी साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोला ३७-३८ नग. ५० मायक्रॉन कंपोस्टेबल एक १५ ग्रॅम, किलोला ६६ नग. किलोचा दर दीडपट असला तरी नगाला खर्च थोडा कमीच. दुप्पट असला तर नगाला थोडा जास्त. व्यापाऱ्याकडून नगाचं वजन आणि जाडी लिहून घ्या, घरच्या काट्यावर दहा पिशव्या टाकून पडताळा, मग तुलना करा. बेकायदेशीर ५० मायक्रॉनच्या पॉलिथिनशी तुलना करणारे तर आहेतच, त्यात किलोला ९० नग बसतात. तो दर डोक्यातून काढूनच टाकावा.

पिथमपूरवाला

हिशेब बरोबर. याच घनतेवरून दुकानात करायची एक पारख सांगतो.

पिशवीचा नखाएवढा तुकडा कापा. पाण्याच्या पेल्यात बोटाने आत दाबा, दोन्ही बाजू चोळून चिकटलेले बुडबुडे काढा आणि सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं, तुकडा वर येतो. पीएलए, पीबीएटी जड, तुकडा तळाशी जातो. वर आला तर 'कंपोस्टेबल' म्हणणारा माणूस खोटं बोलतोय किंवा त्याला कुणीतरी फसवलंय. बुडाला म्हणून मात्र माल खरा ठरत नाही. पॉलिथिनमध्ये भरपूर खडूची पूड घातली तर तेही बुडतं, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, पीईटी, तर बुडतंच. नापास करायला ही परीक्षा पुरते, पास करायला प्रमाणपत्रच.

मल्हारगंजकर

आत्ताच केलं. हिरव्या पानवाली पन्नी तीनदा दाबली, तीनदा वर आली. 'ऑक्सो' पण वर. तिसरी, जिच्यावर क्रमांक छापलाय, ती सरळ तळाला. क्रमांक मंडळाच्या यादीत शोधतो.

स्नेहलतागंज

चिपाडाच्या थाळ्यांबद्दल एक विचारायचं होतं. तर्रीवाली भाजी वाढली तरी तेल पार होत नाही, मग त्यात काहीतरी लावलेलं असणार ना?

पिथमपूरवाला

फार महत्त्वाचं विचारलंत. चिपाडाचा लगदा मुळात तेल पितो. ते थांबवायला कित्येक ठिकाणी फ्लोरीनयुक्त रसायनं वापरत असत, पीएफएएस म्हणतात ती. ती निसर्गात मोडत नाहीत, खतात उतरतात आणि तिथून पिकात. अमेरिकेतली बीपीआय ही प्रमाणन संस्था २०२० पासून १०० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १०० भागांपेक्षा) जास्त फ्लोरीन असलेल्या मालाला कंपोस्टेबल म्हणत नाही. निर्यात करणाऱ्या आपल्या कारखान्यांकडे त्यामुळे 'एकूण फ्लोरीन'चा अहवाल असतो. तो मागा. असेल तर लगेच पाठवतील.

आणि खाण्याचा माल म्हणून एफएसएसएआयचे २०१८ चे पॅकेजिंगचे नियम आहेतच. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्याची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम. कंपोस्टेबल आहे म्हणून यातून सूट नाही. हाही अहवाल मागायचा.

मल्हारगंजकर

आणि दिवाळीच्या चिवड्याचं? ते पुडे तर महिनाभर टिकायला हवेत.

पिथमपूरवाला

चिवड्याला कंपोस्टेबल फिल्म घेऊ नका, स्पष्ट सांगतो. पीएलए-पीबीएटीतून पाण्याची वाफ पॉलिथिनच्या कितीतरी पट आत जाते. पुण्याला पोचेपर्यंत चिवडा सादळेल आणि सगळा माल वाया. अन्न फेकून देण्यात जेवढं नुकसान आहे तेवढं पुड्यात नाही. एकाच जातीच्या प्लास्टिकचा, म्हणजे सगळा पॉलिप्रॉपिलिनचा जाड पुडा घ्या. चांदीसारखा चकचकीत थरांचा नको, कारण त्याचे थर सुटे करता येत नाहीत. एकजातीचा पुडा सुक्या कचऱ्यातून पुन्हा वितळवायला जातो, आणि इंदुरात सुका कचरा खरंच वेगळा होतो, हे आपलं बळ आहे.

देवगुराडियाची_वाट

सहमत. आणि मुंजी-बारशांना डिस्पोजल घ्यायचंच कशाला? महापालिकेने बर्तन बँकेची कल्पना याच शहरात राबवली, स्टीलची ताटं-वाट्या न्यायच्या आणि परत करायच्या. तुम्ही स्वतःचा ५० पानांचा संच केला तरी पंगतीचा प्रश्न मिटतो. आणि पानं म्हटली की माळव्यात पळसाच्या पत्रावळी-द्रोण अजून मिळतात. त्यांना कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. मात्र नीट बघा, हल्ली काहींच्या खाली प्लास्टिकचा थर चिकटवलेला असतो. तसल्या घेऊ नका.

स्नेहलतागंज

रोजच्या डब्यांनाही स्टील चालतं. माझ्या ओळखीच्या एक काकू लोकमान्य नगरात डबे देतात. गिऱ्हाइकाकडून अनामत घेतात, प्रत्येकाचे दोन डबे, झाकणावर क्रमांक कोरलेला. एक भरलेला जातो, एक रिकामा परत येतो.

मल्हारगंजकर

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतोय:

रोजच्या डब्यांना स्टील, अनामत घेऊन. हे सगळ्यात आधी. पंगतींना ताटं आणि पळसाचे द्रोण. सकाळच्या पोह्यांना, उभ्याने खाणाऱ्यांसाठी चिपाडाच्या वाट्या, फ्लोरीनचा अहवाल मिळाला तरच. त्या वाट्या ओल्याच्या डब्यात टाकायच्या का, ते वॉर्डाच्या गाडीवाल्याला आणि दरोग्याला (सफाईच्या देखरेखीवाल्याला) विचारून दुकानात पाटी लावीन. कागदी कप बंद, चहाला काचेचे ग्लास. चिवड्याला एकजातीचे पुडे. पीएलएचे डबे फक्त उन्हाळ्यात श्रीखंडाला, तेही गिऱ्हाइकाने परत आणून दिले तर वेगळे साठवून.

पिशवी विचारली तर कापडी, पैसे घेऊन. कंपोस्टेबल पिशव्या अगदी थोड्या ठेवीन, कारण काही गिऱ्हाइकं पातळ रस्सा नेतातच. यादीत क्रमांक सापडला आहे. वर्षाचा साठा एकदम घेतला तर काही हरकत?

सांवेर_रोड

हरकत आहे. वर्षाचा घेऊ नका. या पिशव्यांना ओल आणि उष्णता दोन्ही सोसत नाही. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवल्या तर पावसाळ्यात घडीवर हात लावताच फाटतात. तीन-चार महिन्यांपुरत्या घ्या, पेटीवर बनवल्याची तारीख बघा, जुनी असेल तर नाकारा. खोलीत जमिनीपासून वर, भट्टीपासून लांब, मूळ वेष्टणातच ठेवा आणि आधी आलेली पेटी आधी काढा. बिलावर 'आयएस १७०८८ प्रमाणे कंपोस्टेबल' आणि प्रमाणपत्र क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका. तपासणीला कुणी आलं तर पिशवीइतकंच बिलही विचारतात.

मल्हारगंजकर

घेतलं लिहून. चिपाडाच्या वाट्यांसाठी अहवाल असलेला पुरवठादार माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नावं नकोत. स्नेहलतागंज ताई, झाकणावर क्रमांक कोरून देणारा कारागीर कुठे बसतो ते काकूंना विचाराल का?

स्नेहलतागंज

विचारते. संध्याकाळी व्यनि करते.